भय्याजींचं नको

भय्याजी तितिरमाऱ्यांना तुम्ही रस्त्यात पाहिलं, तर हा माणूस कालपासून जेवलेला नसावा असं वाटून पिशवीतलं केळं काढून हातात द्याल. मान बगळ्याची, दंड उसाच्या कांडीएवढे, आणि सदरा असा की आत माणूस आहे की नाही हे वारा आल्याशिवाय कळत नाही. पण मोहाडी तालुक्यात जिथं जिथं मांडव पडतो, तिथं याच माणसाचं नाव डोंगराएवढं. कशासाठी? खाण्यासाठी.

आचारी आधी विचारणार, "भय्याजी येऊन राहिले का?" आणि मग बेसनात पाणी घालणार. भय्याजींनी तिसऱ्यांदा बुंदी घेतली तर लग्न चांगलं झालं. दोनदाच घेतली तर पोरीच्या बापानं हात आखडला. तेरवीचं तर याहून पुढचं. भय्याजी पोटभर जेवले म्हणजे गेलेला माणूस सुखानं गेला, असं आमच्या गावानं ठरवूनच टाकलं होतं. मेलेल्याला विचारायची सोय नसते, म्हणून भय्याजींना वाढायचं.

आणि गंमत ऐका. या माणसाला गोड आवडत नाही. मुळीच नाही. घरी विचाराल तर लाखोरीच्या डाळीचे दोन वडे, हिरवी मिरची आणि वाटीभर कढी, एवढ्यात त्यांचं जेवण आटोपतं. सत्यभामाबाई, त्यांच्या घरधनीण, म्हणतात, "माह्या घरी चिमणीवानी खाते हा मानूस, अन् लोकायच्या घरी राक्षस होते." आमच्या आणि त्यांच्या घरांत एकच भिंत, आणि तसं असलं की असल्या गोष्टी आपोआप कळतात, त्यासाठी मुद्दाम कान लावावा लागत नाही. लावला तर जास्त कळतात, एवढंच.

ही कीर्ती त्यांच्यामागं लागली ती बाविसाव्या वर्षी, तुमसरच्या एका लग्नात. पोरीचा बाप म्हातारा, स्वतः लाडवांची परात घेऊन पंगतीत फिरत होता. भय्याजी त्या काळी इतके लाजरे, की कंडक्टरला उतरायचं गाव सांगायचं म्हणजे घाम फुटायचा. म्हाताऱ्यानं लाडू ठेवला, यांना 'पुरे' म्हणवेना. अन्न टाकणं पाप, म्हणून लाडू खाल्ला. खाल्ला की पान रिकामं. पान रिकामं दिसलं की म्हातारा दुसरा ठेवी. दोघेही आपापल्या सज्जनपणात अडकले आणि एकतिसाव्या लाडवाला पंगत उभी राहून टाळ्या वाजवू लागली. परतताना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भय्याजी पोट धरून रडत होते. पण ट्रॉलीभर वऱ्हाडी त्यांच्याच नावाचा जयजयकार करत असल्यामुळं ते रडणं कोणाला ऐकू गेलं नाही.

त्यापूर्वी त्यांच्याकडं बघून कोणी टाळी वाजवली नव्हती, हेही खरं. मग हळूहळू जमत गेलं. पंगतीत शिरताना बाह्या वर सारायच्या, पोटावर थाप मारायची, वाढप्याला म्हणायचं, "चमचा कायले आनला गा? फावडं नाही भेटलं?" लोक त्या वाक्याची वाट बघत. एखाद्या वेळी म्हणायचं राहिलं तर कोणीतरी आठवण करून देई, "भय्याजी, फावडं!" मग म्हणावं लागे. पस्तीस वर्षं असं चाललं. त्या माणसाला स्वतःची भूक अशी उरलीच नाही, लागायची ती गावाची भूक.

मागच्या पावसाळ्यात धानाच्या रोवणीच्या चिखलात उजव्या पायाला काहीतरी बोचलं. पोळ्यापर्यंत करंगळी काळी पडली. भंडाऱ्याच्या दवाखान्यात रक्त तपासलं, तर साखर एवढी, की डॉक्टरबाईंनी कागद दोनदा वाचला. करंगळी आणि शेजारचं बोट कापलं. माघ आला तरी जखम काही भरेना. गेल्या खेपेला डॉक्टरबाई म्हणाल्या, "काका, आता पुढच्या सोमवारी बघू. साखर खाली नसली आणि जखम अशीच असली, तर घोट्याखाली काही ठेवता येणार नाही. तुमच्याच हातात आहे." भय्याजींनी आपल्या हाताकडं पाहिलं. त्या हाताचा भरवसा त्यांना कधीच नव्हता.

बरं, ही गोष्ट त्यांनी लपवली म्हणावं तर तसंही नाही. पहिल्यांदा रिपोर्ट आला त्याच संध्याकाळी पानठेल्यावर उभं राहून सांगितलं होतं, "मले शुगर निंघाली गा."

बाबुलाल पानवाला चुना लावता लावता म्हणाला, "तुमाले शुगर झाली का शुगरले तुमी झाले, भय्याजी?"

काय हसला ठेला! एकाला ठसका लागला, दुसऱ्यानं त्याच्या पाठीत बुक्का मारला. आणि इथंच भय्याजींचं चुकलं. सगळे हसतात म्हणून तेही हसले. वर स्वतःची भर घातली, "आता साखर कारखान्यात हिस्सा मांगतो म्हनतो." झालं. दुखणं सांगितलं आणि तिथल्या तिथं त्याचा विनोद झाला. आता पुन्हा सांगायचं तर लोक म्हणणार, भय्याजी, हा जुना झाला, नवा सांगा. बोटं कापल्यावर त्यांनी 'फावडं लागलं' एवढंच सांगितलं. फावड्यावर गावाचा लगेच विश्वास बसला.

आणि अशात कोंढ्याहून निरोप आला. भय्याजींची एकुलती लेक दामिनी कोंढ्याला दिलेली, लग्नाला दोन वर्षं झाली. तिचे सासरे तुलाराम यांनी स्लॅबचं घर बांधलं होतं. रविवारी वास्तू, गावजेवण, आणि पहिल्या पंगतीत पहिला मान इवायाचा, म्हणजे व्याह्याचा, म्हणजे आमच्या भय्याजींचा. रविवार, लक्षात घ्या. दुसऱ्या दिवशी सोमवार.

"नोका जाऊ," सत्यभामाबाई म्हणाल्या.

"पोरीच्या सासऱ्याची वास्तू आहे वो. बाप नाही गेला त तिले काय काय आयकाव लागन?"

"मंग जा, पन गोड नोका खाऊ."

"नाही म्हनतो ना मी."

"कसे म्हनता? दाखवा मले."

आणि मग भिंतीपलीकडं जे झालं, त्याला तालीम म्हणतात. सत्यभामाबाईंनी परातीत कांदे घेतले, कांदे म्हणजे लाडू. भय्याजी मांडी घालून बसले. बाई वाकल्या, "घ्या इवाईबुवा, एक लाडू."

"नको... नको ना बाप्पा..."

बाईंनी कांदा ताटात ठेवला. "हे नको नोहे, अजी. हे त 'वाढ' आहे. मान हालवता नाही म्हनून, अन् हात सरकवता बाजूले!"

त्यांचं खोटं नव्हतं. आमच्याकडच्या पंगतीत 'नको'चे ठरलेले अर्थ आहेत. पहिलं नको म्हणजे मी हावरा नाही. दुसरं नको म्हणजे अर्धा चालेल. दोन्ही हात पत्रावळीवर आडवे धरून म्हटलेलं तिसरं नको म्हणजे बरं, तुमच्या शब्दाखातर. वाढप्याला हेच शिकवतात, आडव्या हातावर वाढ, हात आपोआप निघतो. चौथं नको, ज्याचा अर्थ नको असा होतो, ते आमच्यात कोणी बनवलेलंच नाही.

"जरा रागानं म्हना."

"इवायाच्या घरी रागानं म्हनू? वास्तूच्या दिवशी?"

"मंग खरं सांगा. पाय कापून राहिले म्हना."

भय्याजी हळू बोलले, तरी भिंतीनं ऐकलं. "दामिनीले बोटायचं बी मालूम नाही. तिच्या सासूच्या कानावर गेलं त म्हनन, बापाच्या अंगात रोग होता, लपवून पोरगी देल्ली. पोरीले जल्मभर पुरन ते."

शेवटी बाईंनी त्यांचा हात धरून आपल्या डोक्यावर ठेवला आणि शपथ घ्यायला लावली, की रविवारी गोडाचा एक कण तोंडात जाणार नाही. भय्याजींनी शपथ घेतली. मग अकरा वेळा कांद्याला नको म्हणून दाखवलं. बाराव्या वेळी जमलं असं बाईंना वाटलं. भय्याजींना वाटलं नाही.

रविवारी आम्ही आठ-दहा जण गाडी करून निघालो. वाटेत सगळ्यांच्या तोंडी एकच. "आज कोंढ्यावाल्यायले दाखवू, मोहाडीचं पोट काय असते." भय्याजी खिडकीपाशी, नवीन बूट, नवीन मोजे, बाहेर बघत. सत्यभामाबाईंच्या मांडीवर पिशवी होती. त्यांनी तिचा बंद सगळ्या वाटेत बोटाला गुंडाळला आणि सोडला.

तुलारामभाऊ दारातच उभे होते. माणूस मनानं मोठा, आवाजानं त्याहून मोठा. "या इवाई! दोन वर्सांपासून वाट पाहून राहिलो. लग्नात तुमी पोरीचे बाप, उपाशी होते, म्हनून सुटले. आज नाही सोडत! गाव गोळा केलं तुमच्यासाठी."

गाव खरंच गोळा झालं होतं. पंगतीत बसायला थोडे, पंगत बघायला जास्त. कैलाश आचारी हात पुसत पुढं आला, वाकून पाया पडला. "काका, काल दुपारपासून झारा सोडला नाही हातातला. तुमी बाकी काही नोका बोलू, फकस्त खाऊन दाखवा. माहं नाव होऊन जाते या बाजूले."

बूट काढले. मोजे काढले नाहीत. "हे काय, इवाई शयरी झाले का?" तुलारामभाऊंनी विचारलं. भय्याजी म्हणाले, "थंडी आहे जी." दरीवर, म्हणजे सतरंजीवर, मांडी घातली, उजवा पाय खाली गेला, आणि त्यांच्या कपाळावरची शीर एकदा टरारली. ते फक्त सत्यभामाबाईंनी पाहिलं, बायकांच्या घोळक्यातून.

भात आला, वरण आलं, वांग्याची भाजी आली. भय्याजी मन लावून जेवू लागले, म्हणजे लाडवाला जागा उरू नये म्हणून. लोकांना वाटलं, आज रंग चढतोय. मग परात आली. कैलाशनं दोन्ही हातांनी धरलेली. पिवळेधमक, मुठीएवढे.

"नको," भय्याजी म्हणाले. तालमीतलं, चांगलं ठणठणीत नको.

पंगत खूश. "सुरू झालं, सुरू झालं!"

"नाही गा, खरंच नको. गोड बंद आहे माहं."

"हा हा हा! गोड बंद!"

दोन्ही हात पत्रावळीवर गेले. कैलाशनं लाडू हातावरच धरला आणि हसत थांबला. भय्याजींनी हात काढले नाहीत. काढले नाहीत म्हणून लोक आणखीच हसले. हा नवीनच प्रकार होता.

मग त्यांनी पस्तीस वर्षांत केलं नव्हतं ते केलं. तुलारामभाऊंकडं तोंड करून म्हणाले, "इवाई, मले शुगर आहे. डाक्टरनं मना केलं. खोटं नाही बोलत."

"शुगर!" तुलारामभाऊंनी मांडीवर थाप मारली. "आयका रे! एकतीस लाडू खानाऱ्याले शुगर! इवाई, तुमच्यावानी गमत्या मानूस मी पाह्यला नाही!" आणि पंगत आडवी झाली. आमच्या गावचे सगळ्यात जास्त हसले, कारण त्यांनी हा विनोद पानठेल्यावर आधी ऐकला होता आणि तो आपला होता.

हसणं ओसरलं. भय्याजींचे हात अजून पत्रावळीवरच होते. तुलारामभाऊंचं तोंड मात्र हळूहळू उतरू लागलं. "इवाई," आवाज जरा खाली आला, "काही चुकलं का आमचं? मानपानात कमी-जास्त?"

"नाही जी, नाही..."

"मंग? वास्तूची पयली पंगत आहे. इवाई अन्नाले हात आडवा लावून बसला त घराले बरकत कशी येनार?"

आतल्या दारातून दामिनीची सासू बोलली, कोणालाच उद्देशून नाही, म्हणजे सगळ्यांना उद्देशून. "कैलाशच्या हातचं कायले घेतीन ते? पोरीच्या हातचं पाह्यजे असन. सूनबाई, जाय वो, तूच वाढ तुह्या बापाले."

दामिनी आली. डोक्यावर पदर, हातात एक लाडू. वाकली तेव्हा बांगड्या वाजल्या. दोन वर्षांत पोरगी अर्धी झाली होती, आणि बापाला ते इतक्या जवळून आत्ताच दिसलं. ती ओठ न हलवता बोलली, "बाबा, घ्या ना. तुमी गेल्यावर मले इथंच राहाव लागते."

भय्याजींचे हात निघाले. कोणी ओढले नाहीत, आपोआप निघाले.

पहिला लाडू त्यांनी दामिनीकडं बघत खाल्ला. मग कैलाश मोजू लागला, "एक!" पोरीनं वाढलेला त्यानं धरलाच नाही, तो शकुनाचा. "दोन! तीन!" चौथ्यापर्यंत भय्याजींच्या डोळ्यांत पाणी होतं, ते लोकांना कैलाशच्या हाताचं कौतुक वाटलं. पाचव्याला कोणीतरी मागून ओरडलं, "भय्याजी, फावडं!" आणि काय सांगावं, त्यांची मान वर झाली, बाही वर सरली. "चमचा कायले आनला गा? फावडं नाही भेटलं?" कोंढ्याची पंगत टाळ्यांनी फुटली. सहावा, सातवा, आठवा. हात आता त्यांचा राहिला नव्हता, आणि खरं बोलायचं तर त्या घडीला भय्याजींना वाईटही वाटत नव्हतं. सत्यभामाबाईंनी भिंतीकडं तोंड केलं. अकराव्याला तुलारामभाऊंनी स्वतः हात जोडले, "बस इवाई, घर भरलं!"

उठताना दोघांनी धरून उठवलं. पोट जड झालं म्हणून, असं लोकांना वाटलं. भय्याजी हात धुवायला गेले. दामिनी पत्रावळी उचलायला वाकली आणि तशीच थांबली. दरीवर, बापाचा उजवा पाय होता तिथं, तळहाताएवढा ओला डाग होता, तांबूस. तिनं डागाकडं पाहिलं. हौदापाशी उभ्या असलेल्या बापाच्या मोज्याकडं पाहिलं. मग दरीचं ते टोक आत दुमडलं, त्यावर दुसरं दुमडलं, आणि दरी उचलून मागच्या अंगणात नेली. सासूनं विचारलं, "एवढ्यात कायले उचलली?" तर म्हणाली, "भाजी सांडली होती."

निघताना सासूनं लाडवांचा डबा भरला, दामिनीच्याच हातात दिला. अख्खं गाव गाडीभोवती. दामिनीनं डबा बापाच्या मांडीवर ठेवला, हात काढला नाही. तिला काहीतरी विचारायचं होतं. भय्याजींना काहीतरी सांगायचं होतं. दोघांच्या मध्ये डबा, आणि आजूबाजूला पन्नास माणसं, तोंडं आधीच हसायला तयार करून उभी.

"एवढ्यानं काय होते वो बाई?" भय्याजी मोठ्यानं म्हणाले. "माहे त दात बी खरकटे नाही होत!"

सगळे हसले. दामिनीही हसली. सासू बघत होती, तर हसावं लागतंच.

परतताना गाडीत आमची मंडळी खुशीत होती, कोंढा जिंकून आल्यासारखी. डबा उघडला, वाटून खाल्ला. भय्याजींना कोणी दिला नाही, आज त्यांचा कोटा झाला म्हणून. घरी गेल्यावर भिंतीपलीकडं एवढंच ऐकू आलं, मोजा काढताना झालेला आवाज, आणि मग बादलीत पाणी ओतल्याचा.

सोमवारी भंडाऱ्याला डॉक्टरबाईंनी पट्टी सोडली. साखरेचा कागद टेबलावर होता, पण त्यांनी तो नंतर पाहिला. आधी जखमेकडं पाहिलं. जमिनीवर मांडी घातली होती का, म्हणून विचारलं. गोड खाल्लं का, म्हणून विचारलं. भय्याजींनी मान हलवली, ती हो होती की नाही ते त्यांनाच ठाऊक. बाईंनी कागदावर भरतीची तारीख लिहिली आणि सत्यभामाबाईंकडं दिला. "उद्याच या. थांबण्यासारखं राहिलं नाही."

पट्टी बांधायला आलेला पोऱ्या, कंपाउंडर म्हणा, पवनीकडचा होता. बांधता बांधता तो भय्याजींच्या तोंडाकडं निरखून बघू लागला. मग त्याचा चेहरा एकदम उजळला.

"काका, तुमीच का ते? काल कोंढ्याले वास्तूत अकरा लाडू खाल्ले ते? माहा मामा होता पंगतीत! मोबाईलवर बी आलं!"

सत्यभामाबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. हातात तारखेचा कागद होता. भय्याजी पायाकडं बघत होते, उद्या या वेळी नसणार त्या पायाकडं. त्यांनी मान वर केली. पोऱ्या हसू धरून थांबला होता. थांबलेल्या माणसाला तसंच ठेवणं भय्याजींना आयुष्यात कधी जमलं नव्हतं.

"अकरा नाही बापू," ते म्हणाले. "बारा. पयला माह्या पोरीनं वाढला, तो मोजाचाच राहिला तुमच्या लोकायचा."